पालकमंत्री साहेब, गुरख्यांचा खर्च आम्हा बागायतदारांकडून वसूल करा

मा. पालकमंत्री, रत्नागिरी जिल्हा
स.न.वि.वि.

साहेब, बाहेरच्या लोकांवरून जिल्ह्यात जो गदारोळ चाललाय त्यात नेपाळी कामगार, ज्यांना आपण सगळे गुरखे म्हणतो, तेही भरडले जातायत. एक पार्टी म्हणते हाकला यांना. दुसरी पार्टी, म्हणजे आम्ही बागायतदार, म्हणतो हात तर लावून बघा, हापूस झाडावरच कुजेल. ओरडा दोन्हीकडून आहे पण खर्च कोणाच्या डोक्यावर आणि फायदा कोणाच्या खिशात हे कोणी बोलत नाही. माझी चारशे कलमं, त्यातली निम्मी कराराची, म्हणजे मी काही मोठा माणूस नाही, तरी माझ्यापुरता हिशोब मांडतो.

आपली दिवाळी आणि त्यांचा तिहार सण आटपला की कैलाली, अछाम, डोटी असल्या नेपाळच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतून ही मंडळी उतरायला लागतात. आधी बेणणी म्हणजे बागेतलं गवत-झुडपं साफ करणं, मग फवारणीचे पाइप ओढत कातळावरून फिरणं, आणि मोहोर आला की राखण. राखण म्हणजे काठी घेऊन बसून राहायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी एक आठवडा बागेत झोपून दाखवावं, दिवसा वानरं, रात्री चोर, फेब्रुवारीनंतर वणवा, आणि काढणी सुरू झाली की त्याच माणसाने पहाटे घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, घेऊन झाडावर चढायचं आणि संध्याकाळी वाशीची गाडी भरेपर्यंत पेट्या उचलायच्या. माझ्याकडे एक जोडपं आहे, महिना 24 हजार आणि रेशन. दिवसाची मजुरी धरली तर ठीक वाटतं, पण रात्रीचे पैसे आम्ही कोणीच देत नाही हो, खरं बोलायचं तर तिथेच आमचा फायदा आहे.

गावातली माणसं का घेत नाही असं विचारतात. माणसं आहेत कुठे? 2001 ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांच्या आसपास होती, 2011 ला 16 लाख 15 हजार. सिंधुदुर्गातही तेच झालं. अख्खा देश वाढत होता आणि आपण घटत होतो, कारण आपली पोरं मुंबई-पुण्याला. पैसा नेपाळला जातो ही तक्रार खोटी नाही, पण मुंबईच्या मनीऑर्डरीवर वाढलेल्या आपल्या लोकांनी ती जरा हळू आवाजात करावी. शिवाय नेपाळच्या जीडीपीचा साधारण पाव हिस्सा बाहेरून पाठवलेल्या पैशाचा आहे, त्यामुळे तिथून माणसं निघायची थांबणार नाहीत, आणि 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना व्हिसाही लागत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर कोणी हाकलू म्हणत असेल तर ते नुसतं भाषण झालं.

आता खर्च. गेल्या सीझनला माझ्याकडच्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या, 108 आली पण बागेच्या कच्च्या रस्त्यावर चढेना, तिला खुर्चीत बसवून खाली आणली. डिलिव्हरी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली, औषधं, सिस्टर, अँब्युलन्स, सगळं सरकारी पैशातून. मी काय दिलं? टेम्पोचं डिझेल. वाडीच्या जि.प. शाळेत 11 च्या पटात 4 पोरं नेपाळ्यांची आहेत, त्यांच्यामुळे शाळा टिकलीय हा फायदा समजा, पण गुरुजींना दोन भाषांत शिकवावं लागतं तो ताण गुरुजींचाच. पोलिसांची पडताळणी वेगळी. आणि जो गावकरी किंवा धनगर मजूर रोजावर यायचा त्याला, सीझनभर बागेतच राहणारा नेपाळी गडी मिळाल्यामुळे, आम्ही कमी बोलावतो, हेही आहे, आमची संघटना हे स्टेजवरून कधी बोलणार नाही. मच्छीवाल्यांकडे वेगळं काही नाही, 1 ऑगस्टला बोटी सुटल्या की खलाशी कोण असतात ते मिरकरवाडा बंदरात जाऊन बघा.

म्हणजे फायदा खाजगी आणि बिल सरकारी. लोकांचा राग खरं तर या गोष्टीवर असायला हवा, पण तो निघतो गरीब गुरख्यावर.

अजून एक. आंब्याला हवामान आधारित फळपीक विमा आहे. मला बागेत साप चावून काही बरंवाईट झालं तर गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना 2 लाख मिळतात. त्याच बागेत त्याच सापाने गुरख्याला डसलं तर शून्य, मालकाला वाटलं तर तो देईल, नाहीतर वर्गणी काढून बॉडी पाठवायची.

माझी मागणी आमच्याच लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. ज्याच्याकडे नेपाळी कामगार आहे त्या बागायतदाराकडून आणि बोटमालकाकडून माणशी हजार रुपये सीझनला ग्रामपंचायतीत भरून घ्या. मार्चच्या एका पेटीच्या भावापुढे ही रक्कम काहीच नाही, परवडत नाही म्हणून रडणाऱ्यांना त्यांच्या पहिल्या पेटीचे फेसबुकवरचे फोटो दाखवा. तेव्हाच पोलिसांची नोंद, म्हणजे दोन खेपा नकोत. त्या पैशातून अपघात विमा काढा आणि उरलेले आरोग्य केंद्राला द्या, जिल्हा नियोजन समितीत हा विषय घ्यायला तुम्हाला कोण अडवतंय? जे वर्षात 182 दिवस इथे राहतात त्या नेपाळी नागरिकांना आधार निघतं, त्याचा कॅम्प तालुक्याला न लावता बागांच्या पट्ट्यात लावा, खातं उघडलं की पगार बँकेत जाईल आणि उचल घेऊन पळाला, पैसे बुडवले ही दोन्हीकडची रोजची भांडणंही कमी होतील.

आणि साहेब, जे काय करायचं ते दिवाळीच्या आधी करा. एकदा फवारणी सुरू झाली की आमच्यातला एकही माणूस ग्रामपंचायतीत फिरकणार नाही, फोनही उचलणार नाही.

आपला,
एक बागायतदार, तालुका राजापूर