परिवहनमंत्र्यांना खुले पत्र: वाहतूक निधी वाटताना केवळ डोकी मोजू नका

मा. परिवहनमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

प्रादेशिक वाहतूक निधी शेजारच्या गावा-शहरांत कसा वाटायचा, हा विषय बैठकीत आला की पहिला प्रस्ताव ठरलेला असतो: ज्याची जितकी लोकसंख्या, त्याला तितका पैसा. हे सूत्र चटकन समजते आणि त्यावर कुणी उघड भांडत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते. पण लोकसंख्या म्हणजे रात्री कोण कुठे मुक्कामाला असतो, एवढाच हिशेब. बसचा आणि रस्त्याचा खर्च दिवसा कोण कुठून कुठे जातो, यावर ठरतो. कारखाने, रुग्णालये, महाविद्यालये ज्या हद्दीत आहेत तिथे दिवसा येणारी गर्दी जनगणनेत दिसतच नाही, आणि जनगणना वेळेवर झाली तरी दहा वर्षांतून एकदाच होते.

आमची मागणी अशी की निधीचे आधी तीन वेगळे गठ्ठे करावेत: चालू बससेवेची तूट, रस्त्यांची देखभाल आणि नवी कामे. तिन्हींना एकच टक्केवारी लावली की तिन्ही बिघडतात.

बससेवेपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त वाद तिथेच होतात. समजा एक मार्ग 30 किलोमीटरचा आहे. त्यातले 10 किलोमीटर दाट वस्तीच्या शहरातून जातात आणि तिथे गाडी ताशी 10 किलोमीटरने सरकते. उरलेले 20 किलोमीटर शेजारच्या मोकळ्या हद्दीतून जातात आणि तिथे वेग ताशी 30 आहे. किलोमीटरवर वाटणी केली तर शहराच्या वाट्याला एक तृतीयांश खर्च येतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला दोन तृतीयांश. वेळेवर वाटणी केली तर शहरात 60 मिनिटे आणि बाहेर 40 मिनिटे, म्हणजे 60:40. गाडी तीच, फेरी तीच, पण वाटणी उलटी झाली. चालक-वाहकांचा पगार तासांवर चालतो, म्हणून केवळ किलोमीटर मोजले की शहराच्या कोंडीचा खर्च शेजारी भरतो. केवळ तास मोजले तर इंधन, टायर आणि झीज यांचा हिशेब चुकतो, कारण ती किलोमीटरवर जास्त अवलंबून असते.

म्हणून खर्चाचे तीन भाग करावे लागतात. पगार आणि भत्ते गाडीच्या तासांवर टाकावेत. इंधन, टायर, सुटे भाग किलोमीटरवर टाकावेत. गाड्यांची किंमत, आगार आणि कार्यशाळा यांचा खर्च ऐन गर्दीच्या वेळी लागणाऱ्या गाड्यांच्या संख्येवर टाकावा. हा तिसरा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो, आणि त्यानेच सर्वांत मोठा अन्याय होतो. फक्त सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास सेवा मागणारी वसाहत कमी किलोमीटर दाखवते आणि स्वस्त वाटते. प्रत्यक्षात त्या चार तासांसाठी गाडी विकत घ्यावी लागते, ती उरलेला दिवस उभी राहते, आणि कर्मचाऱ्यांना मधल्या रिकाम्या वेळेचे पैसे द्यावे लागतात.

काही खर्च कुणाच्याच हद्दीचा नसतो. आगारातून पहिल्या थांब्यापर्यंतची रिकामी धाव आणि शेवटच्या थांब्यावरचा विसावा ही त्याची उदाहरणे. हे ज्या हद्दीत घडते तिच्यावर टाकले, तर आगाराला जागा देणाऱ्या किंवा शेवटचा थांबा सांभाळणाऱ्या गावाला दंड बसतो आणि पुढच्या वेळी जागा द्यायला कुणी पुढे येत नाही. हे मिनिट आणि किलोमीटर त्या मार्गावरच्या सर्वांमध्ये त्यांच्या प्रत्यक्ष सेवेच्या प्रमाणात पसरवावेत.

आता उत्पन्नाची बाजू. तिकीट जिथे काढले, तिथे ते जमा, असा सोपा नियम लावता येतो. रोजचा प्रवासी सकाळी घराजवळ चढतो आणि संध्याकाळी कामाजवळ, त्यामुळे दिवसाअखेर त्याच्या फेऱ्या दोन्ही हद्दींत निम्म्या-निम्म्या पडतात. हे बरेच न्याय्य आहे. मात्र गाडी बदलण्याचे मोठे स्थानक ज्या हद्दीत असेल, तिथे दुसऱ्यांचेच प्रवासी पुन्हा एकदा मोजले जातात. म्हणून एकाच प्रवासातली दुसरी चढाई वेगळी ओळखली पाहिजे. तिकीट यंत्रातली वेळ आणि जागा यांवरून ती ओळखता येते. पासधारकांची मोजणी मात्र यंत्रात नीट येत नाही, कारण गर्दीत वाहक पास पाहतो आणि पुढे जातो. त्यासाठी वर्षातून निदान चार वेळा, वेगवेगळ्या हंगामात, पूर्ण आठवडाभर थांब्यांवर माणसे बसवून मोजणी करावी लागते. शाळांच्या सुट्टीत केलेली एकच मोजणी वर्षभरासाठी वापरणे ही नेहमी होणारी चूक आहे.

ठरलेल्या टक्क्यांवर चालणाऱ्या व्यवस्था आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा 2007 मध्ये एकत्र आल्या आणि संचलन तुटीचा भार दोन महापालिकांमध्ये 60:40 असा ठरला. अशा आकड्याचा मोठा फायदा म्हणजे अंदाजपत्रक आधी मांडता येते. अडचण अशी की वस्ती सरकते, मार्ग वाढतात, हद्दीबाहेरची गावे सेवेत येतात, आणि आकडा जागेवरच राहतो. टक्केवारी ठरवायचीच असेल तर ती मागच्या तीन वर्षांच्या सरासरी मोजणीवरून काढावी आणि दर तीन वर्षांनी आपोआप बदलावी. बदल एकदम न लावता दरवर्षी एक तृतीयांश लावावा. नाहीतर एखाद्या छोट्या नगरपरिषदेचे त्या वर्षीचे पाणीपुरवठ्याचे पैसे बसच्या बिलात जातात, ती करारातून बाहेर पडते, आणि गाड्या तिच्या हद्दीतून न थांबता जाऊ लागतात. त्यात खर्च वाचत नाही, फक्त प्रवासी जातात. बाहेर पडण्यासाठी निदान 12 महिन्यांची पूर्वसूचना करारात हवी.

पैसा कुणाकडून गोळा करायचा, याचाही विचार मुक्कामाच्या जागेपलीकडे जाऊ शकतो. पॅरिस प्रदेशात 1971 पासून मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी वेगळा कर घेतला जातो. तो कामाच्या ठिकाणाशी बांधलेला आहे, त्यामुळे दिवसाची गर्दी ज्यांच्यामुळे होते त्यांच्याकडून वाटा येतो. जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये 1965 साली वेगवेगळ्या वाहतूक संस्थांनी मिळून एक संघ स्थापला, पुढे एक तिकीट सुरू केले आणि जमा झालेले उत्पन्न आपसात वाटून घेण्याचे नियम बांधले. प्रवाशाला हद्द दिसत नाही, हिशेब मागच्या खोलीत होतो. आम्हाला हीच दिशा योग्य वाटते.

रस्त्यांच्या देखभालीत लांबीऐवजी मार्गिका-किलोमीटर, म्हणजे लांबी गुणिले मार्गिकांची संख्या, मोजावेत. चार मार्गिकांचा 5 किलोमीटरचा रस्ता आणि दोन मार्गिकांचा 10 किलोमीटरचा रस्ता, दोन्हींचे मार्गिका-किलोमीटर 20 होतात. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ऑटावाजवळ 1958 ते 1960 या काळात रस्त्यांवर ठरावीक वजनाच्या गाड्या सतत चालवून चाचणी घेतली गेली. तीतून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याचे नुकसान आसावरच्या (ॲक्सलवरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसाचे वजन दुप्पट झाले की नुकसान सुमारे 16 पट. ज्या गावातून शेजारच्या औद्योगिक वसाहतीचे ट्रक जातात, त्या गावाची लोकसंख्या कितीही कमी असली तरी त्याचा रस्ता लवकर खचतो. म्हणून जड वाहनांची वेगळी मोजणी, तीही आसांच्या संख्येसह, या सूत्रात असलीच पाहिजे. सीमेवरून जाणारा रस्ता दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा लिहावा. आज तो कुणाच्याच यादीत नसतो, आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट अवस्थेत तोच असतो.

लहान गावांना दरवर्षी थोडा-थोडा वाटा देणे म्हणजे पैसा खड्ड्यांत भरणे, हे शब्दशः खरे आहे. 7 मीटर रुंद रस्त्यावर 50 मिलीमीटर जाडीचा डांबरी थर द्यायचा तर एका किलोमीटरला 350 घनमीटर, म्हणजे साधारण 800 टनांहून जास्त मिश्रण लागते. यंत्रसामग्री आणायचा खर्च एका किलोमीटरला आणि पाच किलोमीटरला जवळपास सारखाच येतो. तुटपुंजा वाटा मिळाला की गाव ठिगळे लावते. पुढच्या पावसात भेगांतून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरते, आणि मग नुसत्या वरच्या थराऐवजी रस्ता तळापासून करावा लागतो. यावर उपाय म्हणजे वाटा साठवण्याची किंवा शेजाऱ्याला उसना देण्याची मुभा. एका गावाने या वर्षी आपला हिस्सा शेजाऱ्याला द्यावा, शेजाऱ्याने सलग मोठे काम करावे, आणि दोन वर्षांनी तो फेडावा. ही उसनवार लेखी, प्रादेशिक खातेवहीत आणि दरवाढ धरून नोंदलेली असावी. तोंडी ठरलेली उसनवार पदाधिकारी बदलले की बुडते.

नव्या कामांसाठी मात्र कुठलीही पूर्वनिश्चित टक्केवारी नको. पूल, बसमार्गिका, मोठे स्थानक यांचे फायदे हद्दीत मावत नाहीत. अमेरिकेत 1962 च्या महामार्ग कायद्याने 50,000 हून अधिक लोकसंख्येच्या नागरी भागांना एकत्रित वाहतूक नियोजन बंधनकारक केले. तिथले आजचे संघीय नियम याहून पुढे जातात: महानगर प्रदेशाला मिळालेला निधी घटक शहरांत ठरावीक टक्क्यांनी वाटून टाकणे नियोजनाच्या तत्त्वाशी विसंगत मानले जाते, आणि ती वाटणी नियोजनाच्या निकषांवरच उभी आहे हे स्पष्ट दाखवता आले तरच ती चालते. आपल्याकडेही कामे निकषांवर गुण देऊन निवडावीत; हे निकष आधी जाहीर करावेत आणि कामांची नावे नंतर मागवावीत. यादी हातात आल्यावर निकष लिहिले, तर ते एखाद्या कामाच्या मापाने शिवलेले निघतात.

निधी अखर्चित राहण्याचे कारण बहुधा कामाची अर्धी तयारी असते. जमिनीचा ताबा मिळालेला नसतो, जलवाहिन्या आणि वीजखांब हलवलेले नसतात, आणि निविदा मात्र निघते. म्हणून यादीत येण्याआधी तीन कागद तपासावेत: जमिनीचा ताबा, भूमिगत वाहिन्यांचा नकाशा व त्या हलवण्याची मंजुरी, आणि देखभाल पुढे कोण करणार याचे लेखी वचन. वर्षाच्या मध्यावर जे काम तयार नसेल ते प्रतीक्षा यादीत जावे आणि तयार असलेले शेजाऱ्याचे काम वर यावे. मागे पडलेल्या गावाचा क्रम पुढच्या वर्षी कायम राहावा, नाहीतर ते अर्धवट तयारीचे काम रेटत राहील.

स्थानिक हिस्सा सर्वांकडून एकाच दराने मागू नये. ज्या नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न पगारातच संपते, ती हिस्सा भरता न आल्याने गुणांकनात पहिली येऊनही बाद होते. दरडोई स्वतःच्या उत्पन्नाप्रमाणे हिश्श्याचे तीन-चार टप्पे करावेत, आणि जमीन दिली तर तिची किंमत हिश्श्यात धरावी.

निर्णय घेणाऱ्या समितीत प्रत्येकाला एक मत दिले तर लहान गावे मिळून मोठ्या शहराचे पैसे वाटतात. लोकसंख्येप्रमाणे मते दिली तर एकटे शहर सगळे ठरवते. दोन्ही कसोट्या एकत्र लावाव्यात: ठरावाच्या बाजूने निम्म्याहून अधिक सदस्य संस्था हव्यात, आणि त्यांच्या हद्दीत प्रदेशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या हवी.

शेवटची विनंती छापील कागदाची आहे. वाटपाच्या आदेशासोबत प्रत्येक मार्गाचे हद्दनिहाय तास, किलोमीटर, गर्दीच्या वेळच्या गाड्या आणि चढलेले प्रवासी, तसेच प्रत्येक रस्त्याचे मार्गिका-किलोमीटर आणि जड वाहनांचे आस, असा तक्ता जोडावा. आदेश अंतिम होण्याआधी 30 दिवस तो सर्व संस्थांकडे जावा, म्हणजे कुणाची मोजणी चुकली असेल तर ती वाटप होण्याआधी दुरुस्त होईल.

आपले,
प्रादेशिक वाहतुकीचे नियोजन आणि हिशेब पाहणारे काही अभियंते व लेखापाल