सामायिक भट्टीत मडकं देताना चिठ्ठीही द्या

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रसदरात गेल्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं होतं. शहरातल्या एका सामायिक कुंभारकाम स्टुडिओत त्यांच्या मुलीनं हातानं केलेली फुलदाणी भाजायला दिली, ती भट्टीत फुटली, वर भाजणीचे पैसे घेतले ते घेतलेच, तेव्हा भरपाई मिळावी, अशी त्यांची तक्रार. पोरीसाठी वाईट वाटलं. पण पत्र वाचताना असं वाटत होतं की भट्टी म्हणजे इस्त्रीचं दुकान. कपडे टाकले, संध्याकाळी घडी घालून परत यायला हवेत. भट्टीचं तसं नसतं, म्हणून हे लिहितो आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, फर्नेसवर काम करून निवृत्त झालो. आता अशाच एका स्टुडिओत भट्टी भरायला आणि उतरवायला हात लावतो. पगार नाही, चहा मिळतो. त्यामुळे मी स्टुडिओवाल्यांची वकिली करतोय असं कोणाला वाटेल. पुढे त्यांनाही चार शब्द सुनावणार आहे, तेव्हा जरा दम धरावा.

कच्चं मडकं भट्टीत फुटतं ते बहुतेक वेळा आतल्या पाण्यानं. वरून पांढरट दिसतं, हाताला कोरडं लागतं, आणि बूड मात्र बोटभर जाड ठेवलेलं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथं ते बूड आठवड्यात कसं वाळणार? शंभर अंश सेल्सिअसला पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. बाहेर यायला वाट मिळाली नाही तर ती माती फोडूनच येते. ओलसर लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीत, वितळलेलं लोखंड का ओतत नाहीत, हे उद्यमबागेतल्या कोणालाही विचारा, तो हातावरचा डाग दाखवून सांगेल. म्हणून आलेलं प्रत्येक मडकं मी गालाला लावून बघतो. गार लागलं की आत पाणी आहे, सरळ बाजूला ठेवायचं. कॉलेजची पोरं हसतात. "मामा, मडक्याचा मुका घेताय काय?" घेतो.

थोडी शंका असेल तर भट्टी आधी ऐंशी-नव्वद अंशांवर रात्रभर धरून ठेवता येते, झाकणाला फट ठेवून, बघायच्या भोकाची बुचं काढून. मग हळूहळू वर न्यायची. यात वीज जाते, वेळ जातो, आणि ज्यांची भांडी खडखडीत वाळलेली आहेत त्यांनाही थांबावं लागतं. एकाच्या ओल्या मडक्यापायी सगळ्यांनी किती थांबायचं?

शिवाय फुटणारं मडकं शेजाऱ्यालाही घेऊन जातं. तुकडे बाजूच्या भांड्यांवर आदळतात, तारांच्या खाचांत जाऊन बसतात. ते चिमट्यानं एकेक वेचून काढावे लागतात, नाहीतर भट्टी तापवणारी ती तार, कॉइल, तिथंच जळते. त्या फुलदाणीबरोबर भट्टीत आणखी कोणाकोणाची भांडी होती आणि त्यांचं काय झालं, याबद्दल त्या पत्रात एक ओळ नव्हती.

आता तापमानाबद्दल. खानापूर तालुक्यातली लाल माती आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. विटा, कौलं, रांजण, पणत्या तिच्याच. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था खानापुरात आली ती काही उगीच नाही. या मातीत लोह भरपूर, म्हणून लाल. ती हजार ते साडेदहाशे अंशांपर्यंत छान भाजते. स्टुडिओत पिशवीतून येते ती करडी स्टोनवेअर माती वेगळी. ती बाराशेच्या वर गेल्याशिवाय पक्की होत नाही. भाजण्याआधी हातात घेतली तर दोन्ही मातीच, वर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवलं की नवख्याला फरकही कळत नाही. आमच्याकडे एका गृहस्थांनी लाल मातीचा वाडगा स्टोनवेअरच्या भाजणीत दिला, काही न सांगता. भट्टी उघडली तर वाडगा फुगून, बसकण मारून शेल्फला चिकटलेला, त्याचं ग्लेझ ओघळून शेजारच्या कपाच्या बुडाला जोडलेलं. शेल्फ ग्राइंडर लावून घासला तेव्हा कुठं साफ झाला. कप ज्या बाईंचा होता त्यांनी तो तसाच घरी नेला, वाडग्याच्या तुकड्यासकट. काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा आल्याही नाहीत.

याच्याही वरची गंमत शून्याची आहे. कुंभारकामात ताव मोजायला कोन वापरतात. करंगळीएवढे बारीक सुळके, ठरावीक आच लागली की माना टाकणारे. अमेरिकेत ऑर्टन नावाच्या गृहस्थांनी १८९६ मध्ये ते करायला सुरुवात केली आणि त्यांचे नंबर आजही चालतात. त्यात ०६ म्हणजे साधारण हजार अंश आणि ६ म्हणजे साधारण बाराशे वीस. पुढचं शून्य गाळलं की सुमारे दोनशे वीस अंशांचा फरक! भाजणीच्या वहीत घाईनं नुसता ६ लिहायचा आणि आत लाल मातीच्या पणत्या ठेवायच्या, मग सकाळी लगदा खरवडत बसा. फोनवर सांगताना तर "शून्य सहा" असं स्पष्ट म्हणावं. आमच्या वहीत आता नंबरासोबत अंशही लिहितो.

कोन कशाला, डिजिटल मीटर आहे की, असं विचारणारेही भेटतात. मीटरचा थर्मोकपल, म्हणजे भट्टीत खुपसलेली ताप मोजायची काडी, एका ठिकाणची हवा किती तापली ते सांगतो. माती किती शिजली ते सांगत नाही. ते आच किती आणि किती वेळ लागली, दोन्हींवर ठरतं. खालच्या आणि वरच्या शेल्फवर बराच फरक पडू शकतो. म्हणून प्रत्येक शेल्फवर एक कोन ठेवावा आणि भट्टी उतरवल्यावर तो फेकून न देता आठवडाभर दाराशी मांडून ठेवावा. ज्याचं भांडं बिघडलं त्याला तो दाखवता येतो. त्या वाचकांनी भरपाई मागण्याआधी हा कोन आणि वही मागायला हवी होती. आणि स्टुडिओकडे ते नसेल, तर मात्र मी त्या वाचकांच्या बाजूनं उभा राहीन.

गणपतीच्या आधी दरवर्षी एक ठरलेली विनंती येते: शाडूची मूर्ती भाजून द्या, म्हणजे मजबूत होईल. देत नाही. एक तर मूर्ती आतून भरीव, कधी आत काथ्या आणि काड्या. दुसरं म्हणजे सहाशे अंशांच्या वर गेलेली माती पुन्हा माती होत नाही. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी एकदा निघून गेलं की ती पाण्यात विरघळायची नाही. कपिलेश्वर तलावात सोडलेली भाजकी मूर्ती कित्येक वर्षं तळाशी तशीच पडून राहील. शाडू आणायचा तो विरघळावा म्हणून, आणि मग तो न विरघळण्याची व्यवस्था करायची, हे काही डोक्यात शिरत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मात्र आणावेत, जरूर आणावेत. पोरांनी केलेले असतात, कोणाला ढाल असते तर कोणाला नाक नसतं. फक्त अंगठ्यापेक्षा जाड भरीव मावळा नको. घोडा केला असेल तर पोटाखालून कोरून पोकळ करा आणि एक भोक ठेवा. तुटलेला पाय एपॉक्सीनं चिकटवून आणू नका. ते जळून धूर होतो आणि पाय पुन्हा वेगळा. बुडावर नाव पेननं लिहू नका, शाई उडून जाते. कच्चं असताना काडीनं कोरा. बेवारस मावळ्यांची एक आख्खी पलटण आमच्या खिडकीत उभी आहे.

आता स्टुडिओवाल्यांकडे वळतो. भाजणावळ बहुतेक ठिकाणी नगावर घेतात. ही पद्धत चुकीची आहे आणि ती आपल्या कुंभारांना मारते. खानापूरकडच्या एक आक्का पावसाळ्यात बुट्टीभर पणत्या घेऊन येतात. गावात त्यांचा आवा, म्हणजे उघड्यावरची भट्टी, आहे, पण तिकडचा पाऊस. चार महिने उघड्यावर आवा लावायचा कसा? आणि दिवाळीचा माल तर तेव्हापासूनच तयार करावा लागतो. पहिल्या कच्च्या भाजणीत भांडी एकमेकांना टेकली तरी चालतं, एकात एक बसवता येतात. आक्कांच्या शेकडो पणत्या एका कोपऱ्यात रचून होतात. ग्लेझच्या भाजणीत तसं चालत नाही, तिथं दोन भांड्यांत बोटभर फट लागते, नाहीतर चिकटलीच. आक्कांकडून नगाप्रमाणे पैसे घेतले तर पणतीच्या विक्रीपेक्षा भाजणावळ जास्त होते. आणि दीड फूट उंच एक फुलदाणी ठेवली की तिच्या आजूबाजूचा आख्खा थर तेवढाच उंच करावा लागतो, वरची जागा मोकळी जाते, तरी तिचे पैसे एका नगाचे. लांबी, रुंदी आणि उंची मोजून जागेवर दर लावावा. कच्च्या भाजणीचा वेगळा, ग्लेझचा वेगळा, कारण बाराशेच्या वर जायला वीज कितीतरी जास्त लागते. फूटपट्टी दहा-वीस रुपयांना मिळते.

दुसरं, नियम भिंतीवर लावा, आणि मराठी व कन्नड दोन्हीत लावा. आमच्याकडे येणारे निम्मे कन्नड बोलणारे आहेत, आक्कांना फक्त मराठी वाचता येतं आणि नियमांचा कागद आहे इंग्रजीत. भाषेवरून भांडायला बेळगावात इतर भरपूर जागा आहेत, भट्टीच्या खोलीत ते नको. कोणती माती कितीपर्यंत चालते, ग्लेझ बुडापासून किती वर थांबवायचं, बाहेरून आणलेलं ग्लेझ आधी तुकड्यावर तपासल्याशिवाय का घेत नाहीत, फुटलं तर पैसे परत की नाही, शेल्फ खराब झाला तर कोणी भरायचं. सगळं आधीच लिहिलेलं असावं. भांडं फुटल्यावर नियम सांगितला की तो पळवाटच वाटतो, आणि इथं चूक स्टुडिओवाल्यांची आहे.

आणि देणाऱ्यानं प्रत्येक ट्रेबरोबर चिठ्ठी द्यावी. त्यावर नाव, फोन, माती कोणती, कच्चं आहे की एकदा भाजलेलं, किती अंशांना हवं, ग्लेझ कुठलं. चिठ्ठी नसेल तर ट्रे परत. मी गेले काही महिने हे पाळतोय. सुरुवातीला लोक नाराज झाले, एक जण तर "बँकेत खातं उघडतोय काय?" म्हणाले. तेच आता चिठ्ठी घरूनच लिहून आणतात.

भट्टी लवकर उघडा म्हणून गळ घालणाऱ्यांसाठी एवढंच: ५७३ अंशांवर मातीतलं क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कण, ताव चढताना एकदम फुगतं आणि उतरताना तिथंच आकसतं. घाईनं गार केलेलं भांडं टण्‌ आवाज करून तडकतं, कधी भट्टीत तर कधी दोन दिवसांनी घरच्या फळीवर. तेव्हा "मामा, झाकण जरा उचलून बघू की!" हे चालणार नाही. शंभराच्या खाली आल्यावरच झाकण निघेल. मधेच लाइट गेली तर आणखी एक दिवस जास्त धरा.

शेवटी स्टुडिओ चालवणाऱ्या सर्वांना, मी जातो तिथल्यांनाही, एक जाहीर विनंती. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत महिन्यातली एक भाजणी फक्त लाल मातीची आणि फक्त कुंभारांसाठी राखून ठेवावी, हजार अंशांची, जागेच्या दरानं. शौकिनांच्या भाजण्या बाकीचे दिवस होतातच. तारीख पंधरा दिवस आधी कळली तर आक्कांसारख्यांना माल वाळवून गाडीनं आणता येईल. आपल्या वृत्तपत्राच्या स्थानिक कार्यक्रमांच्या सदरात त्या तारखेला दोन ओळींची जागा मिळाली तर फार बरं होईल.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री कामगार,
अनगोळ, बेळगाव