डार्ली अरेबियनच्या ९५ टक्क्यांबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत डर्बीच्या निमित्ताने डार्ली अरेबियन या तीनशे वर्षांपूर्वीच्या घोड्यावर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात रेसच्या घोड्यांबद्दल बेटिंग सोडून काही छापून येतं हेच मुळात कमी. पण त्यात एक वाक्य आहे की आजच्या थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीत, ९५ टक्के रक्त या एकाच घोड्याचं आहे. ते चूक आहे. मी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर २२ वर्षं शिंगरांच्या नोंदी ठेवल्यात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

९५ चा आकडा खरा आहे पण तो फक्त बापाच्या लाइनचा. म्हणजे कुठल्याही थरोब्रेड नराचा बाप, मग त्याचा बाप, मग त्याचा बाप असं मागे मागे गेलं की शंभरातले ९५ जण डार्ली अरेबियनपाशी येऊन थांबतात, बस एवढंच. आपल्या आडनावासारखं आहे हे. दहा पिढ्यांमागच्या एका माणसाचं आडनाव आपण लावतो, पण हिशोब केला तर त्या पिढीत आपले पूर्वज हजारावर भरतात, त्यांचं आडनाव नाही आलं पण रक्त तर आलंच ना. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या पॅट्रिक कनिंगहॅम यांच्या टीमने २००१ मध्ये हा हिशोब मांडला होता. डार्ली अरेबियनचा वाटा निघाला साधारण ६.५ टक्के. आणि गोडॉल्फिन अरेबियन, म्हणजे या जातीचा आणखी एक मूळ घोडा, ज्याची बापाची लाइन आज अगदी थोडी उरलीय, त्याचा १३.८, म्हणजे दुपटीहून जास्त!

हे कसं झालं? लेकींमुळे. तुमच्या लेखात ज्याचं एवढं कौतुक आहे तो एक्लिप्सच घ्या, १७६४ ला सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला, १८ रेस पळाला आणि एकही हरला नाही. डार्ली अरेबियन त्याचा खापरपणजोबा हे लेखात आहे. पण त्याची आई स्पिलेटा, तिचा बाप रेग्युलस आणि रेग्युलसचा बाप गोडॉल्फिन अरेबियन, म्हणजे आईकडून तो एक पिढी जवळचा, आणि त्याचा उल्लेखच नाही. स्पिलेटाचंही नाव नाही.

दुसरं एक. डार्ली अरेबियन १७०४ मध्ये अलेप्पोहून यॉर्कशायरला आला खरा, पण तिथे त्याला स्वतःच्याच मालकाच्या घोड्या जास्त मिळाल्या, बाहेरच्या फार कमी. त्याचं नाव झालं ते बेटी लीड्स या घोडीमुळे. फ्लाइंग चाइल्डर्स हा गाजलेला रेसचा घोडा तिचाच, त्याचा सख्खा भाऊ बार्टलेट्स चाइल्डर्सही तिचाच. हा धाकटा भाऊ रेसमध्ये कधी उतरलाच नाही कारण त्याला रक्तस्राव व्हायचा, पण एक्लिप्स आला तो त्याच्याच वंशात. एका घोडीचं एवढं देणं असून जुन्या स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, कितीतरी माद्यांना स्वतःचं नावच नाही, नुसतं अमक्या मालकाची घोडी किंवा तमक्याची बहीण एवढीच नोंद, हे वाचताना मला खरंच वाईट वाटतं.

आणि कमी अंतरात जोरात पळायला जो मायोस्टॅटिन या स्नायूंच्या वाढीशी संबंधित जनुकाचा प्रकार लागतो, तो तरी अरबी घोड्यांकडून आला असेल असं सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये डब्लिनच्याच एमेलिन हिल यांच्या टीमचा पेपर आला, त्यात तो साधारण ३०० वर्षांपूर्वी एकाच जनावराकडून थरोब्रेडमध्ये शिरला आणि ती बहुधा ब्रिटनमधली साधी गावठी घोडी होती असं निघालं.

तेव्हा विनंती एवढीच की ९५ टक्क्यांची दुरुस्ती छापा, आणि डर्बीच्या पानावर जिंकणाऱ्या घोड्याच्या बापाबरोबर आईचंही नाव देत जा. रेसकार्डात दोन्ही नावं शेजारी शेजारीच असतात.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे