भरतीचा वजनकाटा आणि शेवटचे दहा दिवस

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

लष्करी भरतीच्या तारखा आपल्या दैनिकात छापून येतात, तेव्हा बहुतेक अटी आकड्यांत दिलेल्या असतात. सर्वसाधारण सैनिक पदासाठी आपल्याकडील मुलांना १६८ सेंटिमीटर उंची लागते, छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर लागते, हे चंदगडपासून शिरोळपर्यंतचे कोणतेही होतकरू पोर झोपेतून उठवले तरी सांगेल. वजनाच्या रकान्यात मात्र ‘उंची व वयाच्या प्रमाणात’ एवढेच चार शब्द असतात. या चार शब्दांचा अर्थ वेळेवर न कळल्याने किती मुलांची वर्षे वाया जातात, हे मी मैदानावर रोज पाहतो, म्हणून हे पत्र.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार पदावरून निवृत्त झालो असून गेली काही वर्षे पहाटे आसपासच्या मुलांकडून विनामूल्य धावण्याचा सराव करून घेतो. आमच्या वेळची अडचण उलटी होती. पन्नास किलो भरावेत म्हणून रांगेत उभ्या उभ्या डझनभर केळी खाऊन, वर तांब्याभर पाणी पिऊन काट्यावर चढणारी मुले त्या काळी होती आणि मीही त्यांतलाच एक होतो. आता काटा दुसऱ्या बाजूला झुकला आहे; मुलांचे वजन जास्त भरते. त्याचे एक कारण असे की २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान असा भरतीचा क्रम झाला. मुले चार-सहा महिने अभ्यासिकेत बसतात, संध्याकाळी भूक लागली की वडापाव आणि चहावर भागवतात, आणि लेखीचा निकाल लागल्यावर बूट शोधायला लागतात.

दुसरे कारण खास कोल्हापूरचे आहे. तालमीत वाढलेल्या मुलाला लहानपणापासून वजन वाढवायलाच शिकवलेले असते. लिटरभर म्हशीच्या दुधातून साधारण हजार उष्मांक पोटात जातात. त्यावर तूप, बदामाची थंडाई आणि मटण आले की जोर-बैठका आणि लढतींचा घाम चालू असेपर्यंत तो खुराक अंगी लागतो. कुस्ती सुटते, पण खुराक सुटत नाही, कारण घरातल्या माउलीला पोराचे दूध तोडणे जिवावर येते. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या गावात खासबागेचे मैदान उभारले, त्या गावात ‘बारीक हो’ असे सांगणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाणार, हे मी गृहीतच धरतो.

गेल्या भरतीच्या वेळची गोष्ट सांगतो. माझ्या जुन्या मित्राचा नातू, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७९ किलो, लेखी परीक्षा उत्तीर्ण. देहभारांक, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २५ धरला तर या उंचीला ७४ किलोच्या आसपास थांबायला हवे. म्हणजे पाच किलो जास्त. हे तो ज्या खासगी अकादमीत पैसे भरून सराव करत होता, तेथे कोणीतरी मैदानाच्या दहा दिवस आधी त्याच्या लक्षात आणून दिले. त्यापूर्वीच्या सात महिन्यांत त्या अकादमीत त्याला एकदाही काट्यावर उभे केले नव्हते. मग उपाय सुचवला गेला तो असा: अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून दुपारी धावायचे, मीठ बंद, पाणी घोटभर, आणि शेवटच्या तीन दिवसांत कोणा मेडिकल दुकानातून आणलेल्या लघवीच्या आणि जुलाबाच्या गोळ्या. पोराने सगळे इमानाने केले. वजन खरोखरच ७४.५ किलोवर आले.

मैदानावर आधी काय होते, याचा विचार ना त्याने केला, ना त्याला गोळ्या सुचवणाऱ्याने. सेनेच्या भरतीत पहिल्यांदा १.६ किलोमीटर धावायचे असते. मग बीम, म्हणजे आडव्या दांडीला लटकून अंग वर उचलणे, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे आणि तोल सांभाळत चालणे. उंची, वजन, छातीची मापे त्यानंतर, आणि वैद्यकीय तपासणी त्याहीनंतर. या मुलाच्या पोटऱ्या तिसऱ्या फेरीतच वळल्या. एरवी सरावात पावणेसहा मिनिटांच्या आत येणारा मुलगा चौथी फेरी पुरी करू शकला नाही. ज्या काट्यासाठी त्याने पाणी सोडले, तो काटा त्याने पाहिलासुद्धा नाही. संध्याकाळी सलाइन लावावे लागले आणि चार दिवसांत वजन पुन्हा ७८ वर गेले.

यात नवल काहीच नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोजच्या गरजेपेक्षा साडेपाचशे उष्मांक कमी खाल्ले किंवा तेवढे जास्त खर्च केले, तर आठवड्याला अर्धा किलो चरबी उतरते. पाच किलोंना दहा आठवडे लागतात. दहा दिवसांत जे जाते ते मुख्यत्वे पाणी, आणि स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर, जी आपल्याबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवते. धावताना तर नेमकी हीच साखर लागते. शरीरातले पाणी कमी झाले की नाडी चढते, लघवी गडद होते, उन्हात धावताना उष्माघाताची भीती असते. असा मुलगा तपासणीपर्यंत पोचला, तरी डॉक्टरांच्या नजरेतून हे सुटत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट रात्रभर घाम गाळूनही अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात शंभर ग्रॅमने जास्त भरली, हे साऱ्या देशाने पाहिले. तिच्या दिमतीला तर प्रशिक्षक, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते.

तालमीतल्या मुलांचा आणखी एक गैरसमज असतो, की पैलवानाला वजनात सूट मिळते. अधिकारी प्रवेशासाठीच्या वैद्यकीय निकषांत अशी सूट आहे खरी, पण ती राष्ट्रीय पातळीवर कुस्ती, मुष्टियुद्ध किंवा शरीरसौष्ठव केल्याची कागदपत्रे असणाऱ्यांना, तीही अपवाद म्हणून. त्यांच्याही कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरपेक्षा कमी, कंबर आणि नितंब यांच्या मापांचे गुणोत्तर ०.९ च्या खाली आणि रक्ताचे अहवाल ठीक असावे लागतात. जत्रेच्या फडात जिंकलेली ढाल तेथे कामाची नाही. अमेरिकी सैन्यात वजन जास्त भरले की मान आणि कंबर टेपने मोजून चरबीचा अंदाज काढत. मान जाड तितकी चरबी कमी ठरे, म्हणून तिथले जवान मानेचा व्यायाम करत, असे म्हणतात. २०२३ पासून त्यांनी मानेचे माप काढून टाकले आणि फक्त बेंबीच्या रेषेत टेप लावायला सुरुवात केली. आमच्या पैलवानांना आधीची पद्धत नक्कीच आवडली असती.

अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना वजनासाठी तात्पुरते अपात्र ठरवले, तर ४२ दिवसांच्या आत अपील बोर्डापुढे, म्हणजे फेरतपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे, जाता येते. वरचाच हिशेब लावला तर या सहा आठवड्यांत तीन किलो प्रामाणिकपणे उतरतात, सहा नाही. त्यामुळे तीन किलो जास्त असलेल्याने घाबरून उपाशी राहू नये, आणि आठ किलो जास्त असलेल्याने त्या मुदतीवर भिस्त ठेवू नये.

बरीच मुले सेनेबरोबर पोलीस भरतीचीही तयारी करतात. तेथे पुरुषांना १६५ सेंटिमीटर उंची आणि न फुगवता ७९ सेंटिमीटर छाती लागते, वजनाची अट नसते. एकाच मैदानावर दोन्हींची तयारी करणाऱ्या मुलाला म्हणूनच काट्याची आठवण सर्वांत शेवटी होते. बरे, वजनाचा प्रश्न भरती झाल्यावर संपतो असेही नाही. माझ्या नोकरीत वार्षिक तपासणीत वजन जास्त भरल्याने वैद्यकीय श्रेणी घसरलेले आणि त्यामुळे बढती अडकलेले सहकारी मी पाहिले आहेत; धावण्यात ते कोणाला ऐकत नसत.

भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रवेश देतानाच उंची, वजन आणि कमरेचा घेर मोजून वहीत लिहावा आणि दर पंधरा दिवसांनी तोच काटा, तीच वेळ ठेवून पुन्हा मोजावे. काट्याला असा कितीसा खर्च येतो? मेडिकल दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय लघवीच्या गोळ्या देऊ नयेत, हे खरे तर सांगावे लागू नये. घरच्यांनी दूध बंद करण्याची गरज नाही. लिटरचे अर्धा लिटर करावे, तूप आणि रात्रीचा भात कमी करावा, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंडी आणि ताक चालू ठेवावे, आणि पाणी तर अजिबात तोडू नये.

आपल्याकडे एक मागणे आहे. भरतीची जाहिरात येईल तेव्हा तारखांच्या शेजारी उंचीनुसार वजनाचा तक्ताही छापावा, आणि तो मैदानाच्या आठवड्यात न छापता ऑनलाइन नोंदणी सुरू होते त्या दिवशी छापावा. तक्ता लष्कराच्या वैद्यकीय निकषांवरूनच घ्यावा. समाजमाध्यमांवर फिरणारे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. माझ्या मित्राच्या नातवाने पुन्हा सराव सुरू केला आहे. अकरा आठवड्यांत तो ७९ वरून साडेचौऱ्याहत्तरवर आला आहे आणि या खेपेस रेनकोट घरीच आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त सुभेदार,
कोल्हापूर