तांबट आळीतल्या काकांना, हंड्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र छापून तुमच्या हातात देणारच आहे. तरी ते चारचौघांत लिहिते आहे, कारण माझ्यासारखी कॉम्प्युटरवर वस्तू घडवणारी मराठी मुलं-मुली आता गावोगावी आहेत, आणि तुम्ही मला दोन सकाळी जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे. तुमचं नाव घालायला तुम्ही नको म्हणालात, म्हणून घातलेलं नाही.

श्रावणात मी कसबा पेठेत आले ती फोटो काढायला. एका छोट्या ॲनिमेशनपटासाठी साठ वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या वाड्याचं स्वयंपाकघर मी करत होते. चूल, पाटा-वरवंटा, रोवळी, फडताळ सगळं मनासारखं झालं. तांब्याचा हंडा काही होईना. तीनदा पाठवला आणि तीनदा परत आला, शेरा एकच: प्लास्टिकचा वाटतोय. आमच्या घरी आजीचा हंडा होता, पण स्टीलची भांडी आली तेव्हा तो मोडीत गेला, माझ्या जन्माआधीच. इंटरनेटवर जे फोटो मिळाले ते सगळे विकायला ठेवलेल्या कोऱ्या, लखलखीत हंड्यांचे. वापरातला हंडा डोळ्यांसमोर असा मला मिळतच नव्हता.

तुमच्या आळीत शिरलं की आधी ठोक्यांचा आवाज येतो, भांडी मग दिसतात. तुमच्या ओट्याशी मी थांबले, फोटो काढू का म्हणून विचारलं, आणि तुम्ही कशाला हवेत ते विचारलंत. मी लॅपटॉप उघडून माझा हंडा दाखवला. तुम्ही हात पुसलेत, चष्मा वर केलात आणि बराच वेळ बघत राहिलात. मग विचारलंत, "हे कुठल्या हातोडीनं मठारलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो कशानेच मठारलेला नव्हता.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मठारणं म्हणजे हातोडीचे ठोके देत भांड्याचा पत्रा घट्ट करणं. हंड्याचा आकार करणं आम्हाला अवघड नसतं. त्याची एका बाजूची कड रेषेने काढायची आणि ती मधल्या अक्षाभोवती गोल फिरवायची, की गळा, पोट, बूड सगळं उभं राहतं. मग त्याला धातू करायचं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये 'मेटॅलिक' नावाचा आकडा 1 केला की प्रतिबिंबालाच तांब्याचा रंग चढतो, आणि 'रफनेस' कमी-जास्त करून चकाकी ठरते. प्लास्टिकचं उलट असतं. त्याचा रंग खाली राहतो आणि वरची चमक पांढरी दिसते. हे गणित माझं बरोबर होतं. चूक पुढे होती. ठोक्यांच्या खुणा म्हणून मी सॉफ्टवेअरमधलं एक तयार नक्षीचं टेक्श्चर लावलं होतं. ते कुठेही, कसेही, लहान-मोठे उंचवटे देतं. आम्हाला शिकवलेलं असतं की खऱ्या वस्तूत बेशिस्त असते, तेव्हा जितकी बेशिस्त घालाल तितकी वस्तू खरी वाटेल. माझा हंडा त्यामुळेच साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या घागरीसारखा मऊ, लिबलिबीत दिसत होता.

तुम्ही माझं काही खोडून काढलं नाहीत. दुरुस्तीला आलेला एक जुना हंडा आतून आणलात, तो माझ्यासमोर आडवा ठेवलात आणि म्हणालात, "आधी मोज."

मी मोजलं. एका वितीत 19 ठोके. सगळे जवळजवळ एका मापाचे, कारण हातोडीचं तोंड एकच. प्रत्येक ठोका शेजारच्याच्या अंगावर थोडा चढलेला, जागा सुटलेली कुठेच नाही. ओळी बुडापासून गळ्यापर्यंत फेऱ्याफेऱ्याने वर गेलेल्या. गळ्याशी खुणा बारीक, कारण तिथे हातोडी बदलली. तुम्ही मग स्वतःच्या कामावर बसलात आणि दाखवलंत: हातोडी आपल्या जागी वर-खाली होते, फिरतं ते भांडं. लोखंडी आधारावर टेकवलेलं भांडं डावा हात कणाकणाने पुढे सरकवत असतो, आणि एक फेरा पुरा झाला की हात बोटभर वर जातो. मठारलं की मऊ पत्रा आवळून कडक होतो आणि ठोक्याचा आवाज बदलतो, तेही तुम्ही ऐकवलंत. पहिल्या दिवशी मला तो फरक कळला नाही, दुसऱ्या दिवशी कळला.

रात्री घरी हिशोब मांडला. त्या हंड्याच्या पोटाचा घेर आणि ओळी धरल्या तर एका हंड्यावर 3000 च्या आसपास ठोके होतात. तेवढे ठोके कोणीतरी एकेक करून दिलेले असतात हे मी आजवर हंडा बघताना कधी मनात आणलंच नव्हतं.

दोन गोष्टी मात्र मी कुठल्याच व्हिडिओत शिकले नसते. त्याच हंड्यावर पोटाच्या जरा वर तुम्ही बोट ठेवलंत. तिथे खुणांची ओळ अर्ध्या ठोक्याने सरकली होती. "इथे माणूस उठला होता," तुम्ही म्हणालात. जेवायला असेल, पाणी प्यायला असेल. परत येऊन बसला तेव्हा हात नेमका तिथेच पडला नाही. त्या माणसाला जाऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे, पण तो उठला ती जागा पत्र्यावर आहे.

दुसरी गोष्ट ओरखड्याची. तुम्ही तुमच्या हातोडीचं तोंड उजेडात धरून दाखवलंत, आरशासारखं घासलेलं. तोंडावर केसाएवढा चरा असला तरी तो प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटतो, म्हणून काम सुरू करायच्या आधी तोंड घासून घ्यायचं. आणि मग तो जुना हंडा खिडकीशी नेऊन तिरका धरलात. प्रत्येक खुणेत, डावीकडे वर, एकच बारीक तिरकी रेघ होती. शेकडो खुणांमध्ये तीच. आमच्या कामात एकच डाग दोनदा दिसला तर ती चोरी पकडली गेली असं समजतात. इथे तोच डाग शेकडो वेळा होता आणि त्यामुळेच हंडा माणसाच्या हातचा होता.

रंगाचंही तसंच. मी हंड्याला नारिंगी रंग दिला होता. तुम्ही चिंच आणि मीठ घेऊन जुन्या हंड्याचा तळहाताएवढा भाग घासलात, आणि खालून आला तो गुलाबी तांबूस रंग, जवळजवळ पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा. तो रंग फार टिकत नाही, हवेने तपकिरीकडे झुकतो. कानांच्या खाली, जिथे चिंचेचा हात पोचत नाही तिथे, काळपट आणि जरा हिरवट राहतो. म्हणजे एकाच हंड्यावर तांब्याचे चार-पाच रंग असतात, आणि कुठला रंग कुठे हे घासणाऱ्या बाईचा हात ठरवतो. काठाच्या पोच्याबद्दल तुम्ही म्हणालात की तो एकाच बाजूला असतो, कारण नळाखाली हंडा नेहमी त्याच बाजूने आपटतो. बुडाला फरशीवर सरकवल्याचे चरे गोल असतात. आणि गळ्याखालचा एक पट्टा गुळगुळीत होतो, खुणा तिथे पुसट झालेल्या असतात. कडेवर घेताना बाईचा हात तिथून वळसा घालून जातो.

मी आणि माझ्यासारखे बरेचजण वस्तू जुनी दाखवायची म्हटली की चरे आणि मळाचं तयार टेक्श्चर सगळीकडे सारखं ओततो. आता तसं करवत नाही. प्रत्येक डागाला कर्ता विचारावा लागतो: हा कोणी पाडला, कशाने, कुठल्या हाताने. उत्तर नसेल तर तो डाग मी काढून टाकते.

चहा आला तेव्हा मी तुम्हाला आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध भांड्याबद्दल सांगितलं होतं. अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांनी 1975 मध्ये घरातली चहाची किटली गणिताच्या वक्रांमध्ये बसवली. तेव्हापासून उजेड, सावली, चकाकी असं काहीही नवं करून बघायचं झालं की लोक तीच किटली घेतात. मूळच्या आकड्यांत तिला बूड नव्हतं, ते नंतर कोणीतरी जोडलं, हे ऐकून तुम्ही कप खाली ठेवलात. "बुडापासून तर सुरुवात," एवढंच म्हणालात. त्या वाक्यानंतर मी माझा हंडा पुसून टाकला आणि बुडापासून पुन्हा धरला.

आता तो कसा केला ते सांगते, कारण तुम्ही विचारलं होतंत. आधी एकच ठोका केला. तुमच्या हातोडीच्या तोंडाएवढा, मध्ये जवळजवळ सपाट, कडेला किंचित उचललेला, डावीकडे वर ती तिरकी रेघ. मग तो बुडाच्या मध्यापासून फेऱ्याफेऱ्याने वर लावत गेले, प्रत्येक पुढचा मागच्यावर थोडा चढवून. दोन ठोक्यांतलं अंतर आणि ठोक्याचा कल अगदी थोडा, दमणाऱ्या हाताइतकाच बदलता ठेवला. गळ्याशी हातोडी बदलली. पोटाच्या वर एका जागी ओळ अर्ध्या ठोक्याने सरकवली. मग रंग, कानाखालचा काळपटपणा, काठाचा एकच पोचा, गळ्याचा पुसट पट्टा. रफनेस प्रत्येक जागेला वेगळा, घासल्याप्रमाणे.

रेंडर लावला, म्हणजे कॉम्प्युटरला पक्कं चित्र काढायला लावलं, आणि शेजारी बसून राहिले. चुलीचा उजेड डावीकडून येत होता आणि खिडकी उजवीकडे होती. प्रत्येक ठोका आपापला छोटा आरसा झाला. काहींनी चूल धरली, काहींनी खिडकी, आणि पोटाच्या वळणावर दोघांची सीमा ठोक्याठोक्याने तुटत गेली. माझ्या जुन्या हंड्यावर तिथे नुसता एक पसरट, तेलकट पट्टा होता. मी काही बोलले नाही, पण आईला हाक मारली. तिने बघितलं आणि म्हणाली, हा चिंचेने घासलाय, पितांबरीने नाही. काका, मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती ती आहे. ॲनिमेशनपटवाल्यांनीही हंडा या वेळी एका फेरीत घेतला, हेही कळवते.

त्या दोन सकाळी तुमचं काम थांबलं होतं हे मला तेव्हाच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी पाकीट पुढे केलं तर तुम्ही ते लॅपटॉपच्या बॅगेत परत सारलंत आणि म्हणालात, हंडा झाला की दाखव. एका अनोळखी मुलीच्या पडद्यावरच्या भांड्याला तुम्ही तुमच्या ओट्यावरच्या भांड्यासारखंच गंभीरपणे घेतलंत. त्यातली चूकही तुम्ही भांड्याचीच चूक म्हणून दाखवलीत. माझं काम घडवण्याचंच काम आहे असं मला कामात इतकी वर्षं घालवूनही कोणी वाटू दिलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे, आणि हे आभार कोरडे नाहीत.

हंड्याचं चित्र मोठं छापून घेतलं आहे. छापताना गुलाबी रंग जरा उतरला, तेव्हा दिवसाच्या उजेडात बघा. शिवाय आता त्याच वाड्याच्या न्हाणीघराचं काम आलं आहे आणि त्यात बंब आहे. मधली निखाऱ्यांची नळी आतल्या पाण्याच्या भांड्याला कुठे आणि कशी झाळतात ते मला कुठल्याच फोटोत दिसत नाही. आणि तोटीभोवती पाणी ठिबकून जो डाग पडतो, तो किती खालपर्यंत जातो? मंगळवारी सकाळी येते. या वेळी चहा मी आणते, तेवढं नाही म्हणू नका.

आपली,
ओट्यावर बसून हंड्याचे ठोके मोजणारी