वाड्याचं कौतुक पुरे

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत वाड्यातल्या माणुसकीवरचा लेख वाचला. पूर्वी दारं उघडी असायची, आता जो तो आपापला, वगैरे. बरोबर आहे हो, पण दारं उघडी का असायची ते कुणी सांगायचं? आमच्या साखर पेठेतल्या वाड्यात दुपारी कडी लावली की पाच मिनिटांत कुणीतरी हजर, काय गं, बरं नाही का?

1989 साली माझं नोकरीचं कॉल लेटर आलं, ते पोस्टमनने शेजारच्या अक्कांकडे दिलं, त्यांनी ते पोराकडून फोडून नळावर वाचून घेतलं, मागांच्या खटखटीत ऐकू येईना म्हणून दोनदा, आणि मी बाजारातून येईपर्यंत सासूबाईंनी अख्ख्या वाड्याला विचारून ठरवूनसुद्धा टाकलं होतं की पाठवायचं. मला फक्त निकाल कळला. लेटरवर नाव माझंच होतं पण वाड्यात मला नाव नव्हतंच, 'मधल्या खोलीतली सून' बास. आता हेही खरं की त्याच अक्कांनी माझी पोरगी आठ वर्षं सांभाळली, एक रुपया न घेता, म्हणून तर नोकरी टिकली. लेखात यातलं काहीच नाही, कारण लेखक वाड्यात लहान होते, सून नव्हते.

आता जुळे सोलापुरात फ्लॅट. इथे मी 'बी 402'. मागच्या महिन्यात शेंगाचटणी कुटत होते, उखळातच, मिक्सरमध्ये तिचा नुसता भुगा होतो, तेल सुटत नाही. दहा मिनिटं झाली नसतील तर ग्रुपवर मेसेज, बी 402 ने ठोकाठोक थांबवावी, इतरांच्या प्रायव्हसीचा आदर करावा. पुढे हात जोडलेला इमोजी. अहो, वर येऊन बेल वाजवा की, मी काय खाते का? मीच मग डबाभर चटणी खाली नेऊन दिली, त्यांनी दार वीतभर उघडून घेतली. चौथ्या दिवशी डबा आमच्या कडीला पिशवीत अडकवलेला, घासूनपुसून, रिकामा! चिमूटभर साखर तरी घालतात हो. ग्रुपवर मात्र 'टेस्टी' आणि अंगठा.

लेखकांनी सिद्धेश्वर यात्रेचा दाखला दिलाय, नंदीध्वजाची उंच काठी कमरेवर एकटा तोलतो पण भोवती धरायला सगळे असतात. छान. पण सातही काठ्या, 68 लिंगांचा सगळा फेरा, बाराबंदीतल्या पुरुषांचाच. आम्ही कडेला हात जोडून.

आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं भेटतात ती पाणी येतं त्या दिवशी. रात्री दोनला सगळे खाली, कोण गाऊनमध्ये कोण बनियनवर, मोटार लागली का, टाकी भरली का. आणि ते पाणी कधी येणार हे तुम्ही आतल्या पानावर जाहिरातीखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापता, उजनी धरण भरलं की मात्र पहिल्या पानावर फोटो.

शेवटचं. मागच्या वेळी माझं पत्र छापलंत तेव्हा खाली 'एक गृहिणी' टाकलंत. मी 34 वर्षं नोकरी केलीय. या वेळीही नाव पूर्ण लिहिलंय, तेवढं छापा.

– एक गृहिणी, जुळे सोलापूर