अर्जदाराला उत्तर मिळालं पाहिजे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात पर्सोनेल विभागात मी कारकून म्हणून लागले आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरभरती हेच माझं आयुष्यभराचं काम. सध्या माझी भाची निगडी प्राधिकरणात आमच्याकडे राहून नोकरी शोधते आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवी, आणि भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये क्वालिटीचा अनुभव. ते वर्कशॉप बंद पडलं. मुलगी मेहनती आहे, मापं घेण्यात हात पक्का आहे, ड्रॉइंग वाचता येतं. संध्याकाळी ती अर्ज भरते तेव्हा मी शेजारी खुर्ची घेऊन बसते. तिथे जे दिसतं त्याने मन अस्वस्थ होतं, म्हणून हे पत्र.

एक अर्ज कसा भरला जातो ते आधी सांगते. चाकण भागातली मोठी कंपनी, जागा क्वालिटी इंजिनिअरची. आधी कंपनीच्या साइटवर खातं उघडा, पासवर्ड ठरवा, ओटीपी टाका. मग बायोडेटा अपलोड करा. तो चढला की त्यातला मजकूर वाचून संगणक पुढचे रकाने आपणहून भरतो. भाचीच्या बायोडेटात दोन उभे भाग होते. संगणकाने ते आडवे वाचले, आणि डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या कॉलेजच्या नावाला चिकटून शिक्षणाच्या रकान्यात जाऊन बसला. सगळं पुसून तिने तोच बायोडेटा पुन्हा हाताने टाइप केला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर नाव आधी, आणि फॉर्मवर सूचना की नाव कागदपत्रांप्रमाणेच लिहावं. कुठल्या कागदपत्राप्रमाणे, ते लिहिलेलं नाही. विद्यापीठ सीजीपीए देतं, फॉर्म टक्के मागतो.

खरी अडचण बारावीची. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्या मुलांनी बारावी दिलेलीच नसते. महाराष्ट्रात अशी मुलं गावोगावी आहेत आणि कारखान्यांना तीच हवी असतात, कारण त्यांचा हात आधीपासून मशिनवर बसलेला असतो. पण बारावीचे गुण भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मग मुलं नाइलाजाने डिप्लोमाचे गुण त्या रकान्यात टाकतात. पुढे कागदपत्रं तपासताना तीच गोष्ट चुकीची माहिती दिली म्हणून अंगाशी येऊ शकते. भाचीने मला विचारलं, "आत्या, इथे काय लिहू?" भरतीत उभा जन्म गेला, तरी मला तिला सरळ उत्तर देता आलं नाही. फॉर्म बनवणाऱ्याने एकदा कुठल्याही पॉलिटेक्निकच्या मुलाला समोर बसवून तो भरून घेतला असता, तर हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता.

त्यापुढे सध्याचा पगार. तो रकाना रिकामा सोडता येत नाही आणि शून्यही घेत नाही. ज्या मुलीची नोकरी गेली आहे तिने काय भरायचं? मग अपेक्षित पगार, नोटिस पीरियड, वैवाहिक स्थिती, आणि दोन नोकऱ्यांमध्ये खंड का पडला त्याचं कारण. कंपनी मात्र स्वतः काय पगार देणार, ते जाहिरातीत कुठेही लिहीत नाही.

शेवटी आम्ही दोघी एकदा बसने सरळ चाकणला त्या कंपनीच्या गेटवर गेलो. सिक्युरिटीचा माणूस सभ्य होता. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि म्हणाला, "मॅडम, कागद आत घ्यायची ऑर्डर नाही. हे स्कॅन करा." केबिनच्या काचेवर क्यूआर कोड चिकटवलेला होता. स्कॅन केल्यावर तोच फॉर्म उघडला. एचआरमधल्या कुणाशी दोन मिनिटं बोलता येईल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "नाव सांगा, कुणाला भेटायचंय त्यांचं." नाव माहीत असायला ते कुठेतरी छापलेलं हवं. जाहिरातीत नाव नाही, साइटवर नाव नाही, आलेल्या मेलखाली नाव नाही, आणि त्या मेलला उत्तर पाठवता येत नाही.

आमच्या विभागात आवक-जावकची नोंदवही होती. पोस्टाने किंवा हाती आलेल्या प्रत्येक अर्जावर शिक्का मारायचा, आवक नंबर टाकायचा, तारीख लिहायची. ज्यांना मुलाखतीला बोलवायचं त्यांना पत्र, आणि ज्यांना बोलवायचं नाही त्यांना छापील कार्ड. कार्डावर चारच ओळी असायच्या: अर्ज मिळाला, विचार झाला, या वेळी निवड करता येत नाही, शुभेच्छा. खाली साहेबांची सही. ती कार्डं मी स्वतः पत्ते लिहून पाठवली आहेत, मार्चअखेरीच्या गडबडीतही. त्या काळात सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. वशिला चालायचा, "आपला माणूस" चालायचा, बायकांना शॉप फ्लोअरवर घ्यायचं म्हटलं की भुवया उंचावायच्या. पण आलेल्या अर्जाला उत्तर न देणं हे आमच्या साहेबांच्या लेखी ऑफिसच्या कामातली चूक होती, आणि त्याबद्दल बोलणी बसायची. तेव्हा प्रत्येक उत्तराला कार्ड, तिकीट आणि माणसाचा वेळ लागत होता. आज हजार जणांना एकदम कळवायला एक बटण दाबावं लागतं. उत्तर देणं फुकट झालं आणि नेमकं तेव्हाच ते बंद झालं, हे मला सहन होत नाही.

भाचीच्या कुठल्याशा खात्यात गेले कित्येक महिने "अंडर रिव्ह्यू" असं लिहिलेलं आहे. ती रोज सकाळी चहाच्या आधी ते उघडून बघते. नकार आला असता तर तिने ते दार मिटलं असतं आणि पुढच्या कामाला लागली असती. उत्तर न आल्याने मुलं आधी फॉर्मला दोष देतात, मग कॉलेजला, आणि नंतर स्वतःला. पैपाहुणे विचारतात, "काय झालं त्या कंपनीचं?" तिला सांगता येत नाही. आपल्याकडे अशा मुलीमागे लगेच स्थळांची चर्चा सुरू होते. घरी बसलेली मुलगी म्हणून तिच्याकडे बघितलं जातं, आणि ती तर रात्री बारापर्यंत लॅपटॉपसमोर असते.

एचआरमध्ये काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुलींशीही मी बोलले. त्यांचीही बाजू आहे. एका जागेला इतके अर्ज येतात की वाचणं माणसाच्या आवाक्यात राहत नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यातल्या एका आयटी कंपनीबाहेर वॉक-इन मुलाखतीसाठी लागलेल्या रांगेचा व्हिडिओ देशभर फिरला होता. तशीच रांग प्रत्येक जाहिरातीमागे असते, फक्त ती दिसत नाही. मोबाइलवर एका बोटाने अर्ज करता येतो, म्हणून मुलं दिसेल तिथे अर्ज टाकतात. अर्ज वाढले की कंपन्या ते चाळायला सॉफ्टवेअर लावतात. सॉफ्टवेअर ठरावीक शब्द शोधतं, म्हणून मुलं जाहिरातीतलेच शब्द बायोडेटात पेरतात. सगळे बायोडेटा सारखे दिसायला लागतात आणि चाळणी आणखी बारीक होते. "क्वालिटी अ‍ॅश्युरन्स" हे शब्द हवे असतील आणि मुलीने प्रामाणिकपणे "इन्स्पेक्शन" लिहिलं असेल, तर ती बाहेर पडू शकते. याच भीतीवर आता धंदा उभा राहिला आहे. बायोडेटाला गुण देतो, सॉफ्टवेअरमधून पार करून देतो म्हणत बेकार मुलांकडून पैसे घेतले जातात.

त्याच मुलींनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि मला त्याचा संताप आला. काही जाहिरातींमागे जागाच नसते. कधी आतला माणूस ठरलेला असतो आणि नियमापुरती जाहिरात द्यायची असते. कधी पुढे लागले तर हाताशी असावेत म्हणून बायोडेटा गोळा करायचे असतात. कधी जागा भरून झालेली असते, पण जाहिरात काढायची कुणाला आठवण राहत नाही. कन्सल्टन्सीच्या जाहिरातींत तर कंपनीचं नावच नसतं, नुसतं "आमच्या नामांकित क्लायंटसाठी". नसलेल्या जागेसाठी कुणाच्या तरी मुलाने संध्याकाळ घालवून सगळी माहिती भरायची, ही फसवणूक आहे. तिला दुसरा शब्द मला सुचत नाही.

माहितीवरून आठवलं. अर्ज करतानाच आधार आणि पॅन नंबर कशाला? निवड झाल्यावर घ्या. संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, हे त्याचं सूत्र. प्रत्यक्षात बायोडेटा टाकल्यावर काही दिवसांतच व्हॉट्सअ‍ॅपवर घरबसल्या कामाचे मेसेज सुरू होतात, नोंदणी शुल्क भरा म्हणून फोन येतात. पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, आणि पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आता कायद्याबद्दल, कारण त्यातलं थोडं मला कामामुळे माहीत आहे. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं सक्तीचं करणारा कायदा 1959 साली झाला. 25 किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू होता. दर तिमाहीला ईआर-1 हे विवरणपत्र भरून मी ते रास्ता पेठेतल्या कार्यालयाला पाठवत असे. आता ती तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे, संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, आणि मर्यादा 20 कामगारांवर आली आहे. म्हणजे जागा रिकामी आहे हे सरकारला कळवणं कंपन्यांना नवीन नाही. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून आहे, राज्याचं महास्वयंम आहे. पण हा सगळा व्यवहार कंपनी आणि सरकार यांच्यातला. जो अर्ज करतो, त्याला काय कळवायचं याबद्दल एक ओळ नाही.

ती ओळ कायद्यात बसते, हे बाहेर करून दाखवलेलं आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून 25 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीत सांगावं लागतं की जागा खरोखर रिकामी आहे का, पगार साधारण किती, आणि अर्ज चाळायला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते का. मुलाखत घेतलेल्या उमेदवाराला निर्णय झाला की नाही, ते 45 दिवसांत कळवावं लागतं. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशानुसार उमेदवाराला आधीचा पगार विचारताच येत नाही, आणि नव्या जागेचा पगार मुलाखतीआधी सांगावा लागतो. त्याच देशांतल्या कंपन्यांचे कारखाने चाकणला, रांजणगावला आहेत. तिकडे जे पाळतील ते इकडे पाळायला त्यांना काय अडचण आहे?

राज्याच्या कामगार विभागाने आणि कौशल्य विकास विभागाने आपल्या नियमांत एवढं घ्यावं, अशी माझी मागणी आहे. जाहिरातीवर जागांची संख्या, पगार आणि शेवटची तारीख असावी. तारीख उलटली की जाहिरात निघावी. प्रत्येक अर्जाला नंबर मिळावा आणि जागा भरल्यावर उरलेल्या सगळ्यांना तसं कळवावं. मुलाखत दिलेल्यांना तर नाव घेऊन कळवावं. भाचीची एक मुलाखत नुसती कॅमेऱ्यासमोर झाली. पडद्यावर प्रश्न यायचा, विचार करायला अर्धा मिनिट, आणि मग घड्याळ उलटं धावायला लागायचं. आवाज नको म्हणून तिने पंखा बंद केला होता, मी स्वयंपाकघरात कुकर लावला नव्हता. समोर माणूस नव्हता. तिने इंग्रजीत, घाम पुसत, सीएमएम या मोजमापाच्या मशिनवर मापं कशी घेतात ते समजावून सांगितलं. ते कुणी ऐकलं का, एवढंही तिला आजवर कळलेलं नाही.

नियम होतील तेव्हा होतील. एचआरमधल्या माझ्या लेकीसारख्या मुलींनो, तुम्हाला यासाठी वरची परवानगी लागणार नाही. जागा भरली की त्या यादीतल्या सगळ्यांना दोन ओळी पाठवा आणि खाली आपलं नाव लिहा. आणि फॉर्ममधला तो बारावीचा रकाना डिप्लोमावाल्यांसाठी मोकळा करून घ्या.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. आपल्या अंकात आणि आपल्या संकेतस्थळावर नोकरीच्या जाहिराती येतात. जागा किती, पगार किती आणि चौकशीसाठी कोणाशी बोलायचं, हे ज्या जाहिरातीत नाही ती परत पाठवावी. पुण्यातल्या एका वृत्तपत्राने हे सुरू केलं तर बाकीच्यांनाही करावं लागेल.

आपली,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी,
निगडी प्राधिकरण, पुणे